हलवा : वन्संना विचारणे

आजच्या भागाची सुरुवात एका न लिहिलेल्या रेसिपीनं करतो. (ज्यांनी भाग ऐकलाय त्यांच्यासाठी : खाली तेच आहे, फक्त माझे 'अं… अं…' काढलेत.)

माझ्या आजीची एक वही आहे. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, पाठीला कापडी पट्टी. तिच्यात चकली आहे, कडबोळी आहेत, आंब्याचं लोणचं तीन तऱ्हेचं आहे. मधेच स्वेटरच्या टाक्यांचा हिशोब आहे, आकाशकंदिलाचं मापासकट चित्र आहे. आणि एका पानावर 'संक्रांतीचा हलवा' असं मोठ्या अक्षरात लिहून खाली रेघ मारलीय. रेघेखाली दोनच शब्द : 'वन्संना विचारणे.'

बाकी पान कोरं.

'वन्सं' हा शब्द तुमच्यातल्या अनेकांनी फक्त जुन्या नाटकांत ऐकला असेल. वन्सं म्हणजे नणंद, नवऱ्याची बहीण. आजीच्या या वन्सं म्हणजे माझ्या आईची आत्या. घरात आणि अख्ख्या गल्लीत तिला अक्का म्हणायचे. अक्का १९८४ साली गेली. आजी जाऊनही आता दहा वर्षं होतील. म्हणजे वहीनं ज्यांना विचारायला सांगितलंय त्या वन्संही नाहीत आणि ज्यांनी लिहिलं त्या वहिनीही नाहीत. गेल्या दोन हिवाळ्यांत मी या कोऱ्या पानाच्या मागे लागलो होतो, त्याची ही गोष्ट.

आधी वहीबद्दल. आमचं घर सांगलीत, गावभागात. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवत असेल. कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा वही कपाटाच्या तळाच्या फळीवर होती. आईनं पानापानात वर्तमानपत्राचे तुकडे घालून ती पंख्याखाली वाळवली. तरी खालची दोन बोटं शाई पसरलीच. त्यामुळे बऱ्याच पदार्थांचा शेवट गेलाय. अनारशांचं पीठ तयार आहे, तळायचे कसे ते कृष्णेला ठाऊक.

वही नीट बघितली तर एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. अर्ध्याहून जास्त पदार्थांच्या आधी माणूस आहे. 'वरच्या वहिनींचा चिवडा.' 'सोलापूरच्या मावशींची शेंगाचटणी.' 'बँकेतल्या काकूंचे रव्याचे लाडू (पाक न करता).' एक तर नुसतंच 'एसटीत भेटलेल्या बाईंचं गाजराचं लोणचं'. विचार करा, स्वारगेट ते सांगली या प्रवासात एका अनोळखी बाईनं लोणचं सांगितलं, आजीनं ते घरी येईपर्यंत डोक्यात धरून ठेवलं आणि लिहिताना श्रेय द्यायला विसरली नाही. आपण आज दुसऱ्याचं रील खाली नाव कापून पुढे ढकलतो, त्या मानानं हे फार शिस्तीचं काम होतं.

ही देवाणघेवाण चालायची कुठे? वाड्याच्या चौकात, नळावर, भिशीत, महिला मंडळात, आणि सगळ्यात जास्त म्हणजे सणाच्या आधीच्या पंधरा दिवसांत. दिवाळीआधी फराळ आणि आकाशकंदील, लग्नसराईआधी रुखवत, थंडीत विणकाम, आणि जानेवारीत हलवा. तेव्हा याला कोणी छंद म्हणत नव्हतं. 'काम आहे' असंच म्हणायचे. पण चार जणी एकत्र बसून, पैसे न घेता, एकमेकींचं बघून काहीतरी सुंदर करतायत, याला दुसरा कुठला शब्द लावायचा?

आता थोडा छापील इतिहास, कारण वही आभाळातून पडली नाही. मराठीतलं जुन्यातलं जुनं छापील पाककृतींचं पुस्तक म्हणून 'सूपशास्त्र'चं नाव घेतात. साल १८७५, लेखक रामचंद्र सखाराम गुप्ते. इथे सूप म्हणजे टोमॅटोचं सूप नव्हे. संस्कृतात सूप म्हणजे वरण, आणि त्यावरून सूपशास्त्र म्हणजे स्वयंपाकाची विद्या. लेखक पुरुष आहे हेही लक्षात घ्या. बायकांचं काम पहिल्यांदा पुस्तकात गेलं ते पुरुषाच्या हातून.

मग १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' आलं. त्याचं जोडनाव 'एक हजार पाकक्रिया'. एक हजार! मला या आकड्यापेक्षा दुसरा एक आकडा जास्त छळतो. १९११ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांमागे लिहिता-वाचता येणारी जेमतेम एक होती. म्हणजे हजार पाककृतींचं पुस्तक बाजारात आलं तेव्हा ज्यांच्या हातात रोज पळी होती, त्यांतल्या जवळजवळ कुणालाच ते वाचता येत नव्हतं. घरात एखादी शिकलेली सून किंवा शाळेत जाणारा मुलगा मोठ्यानं वाचणार, बाकीच्या ऐकणार. आपल्या पॉडकास्टसारखंच की हे. (हे वाक्य मी भागातही बोललो होतो आणि स्वतःच हसलो होतो, ते ठेवलंय.)

वाचून दाखवलं तरी पुढचा घोळ मापाचा. तेव्हाची मापं शेर, पावशेर, तोळा. पक्का शेर ८० तोळ्यांचा, आजच्या हिशोबानं सुमारे ९३३ ग्रॅम. पण मुंबईचा जुना शेर होता जवळपास २८ तोळ्यांचा, म्हणजे साधारण सव्वातीनशे ग्रॅमचा. त्यात दख्खनेत धान्याचा शेर हे वजन नसून मापटं, भांडं भरून मोजायचं. मुंबईच्या बाईनं 'शेरभर साखर' म्हटलं आणि सांगलीच्या बाईनं आपल्या शेरानं घातली तर लाडवाचं काय होईल? जवळजवळ तिप्पट गोड. म्हणून कागदापेक्षा माणसावर भरवसा जास्त. ज्या गावच्या बाईकडून घ्याल, तिच्या गावचा शेर तुम्हाला माहीत असतो. वहीत नावाआधी 'सोलापूरच्या' का लिहिलंय, याचं एक कारण मला हे वाटतं.

आजीचं लग्न १९५७ चं. वजन-मापांचा कायदा १९५६ चा आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅम आले. त्यामुळे वहीच्या पहिल्या पानांवर 'अदपाव तूप', मधल्या पानांवर 'पाव किलो (पूर्वीचा पावशेर)', आणि पुढे सगळीकडे 'वाटी'. वाटी कशी आली? १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं. कमलाबाई आमच्या सांगलीकडच्याच. त्यांनी घरातल्या वाटी-चमच्याचं प्रमाण दिलं आणि पुस्तक घराघरांत गेलं. 'सव्वा लाख सुनांची सासू' असं त्यांना कौतुकानं म्हणायचे. तराजू नसलेल्या, दुसऱ्या गावी संसार मांडलेल्या, सासू जवळ नसलेल्या मुलीला ही वाटी म्हणजे केवढा आधार झाला असेल! आजीला मात्र प्रश्न पडलाच असणार की वाटी म्हणजे कुठली वाटी. कारण वहीच्या पहिल्या पानावर, नावाच्या खाली, पेन्सिलीनं एक गोल काढलाय. वाटी उपडी ठेवून कडेनं पेन्सिल फिरवलेली. आत लिहिलंय : 'ही.'

याच काळात मासिकं होती. किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक १९३० साली सुरू झालं, तेही आमच्याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून. मासिकांतल्या विणकामाच्या आकृत्यांची कात्रणं वहीत खळीनं चिकटवलेली आहेत. खळ उंदरांनी खाल्ली, आकृत्या राहिल्या. असो.

तर एवढं सगळं लिहून ठेवणारी, एसटीतल्या बाईचं लोणचंही न सोडणारी आजी, ज्या नणंदेबरोबर सत्तावीस वर्षं एका स्वयंपाकघरात राहिली तिचा हलवा लिहीत नाही. का? मला आधी वाटलं आळस. मग वाटलं भांडण. नणंद-भावजयीचं काही सांगता येत नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "अरे, तो लिहून होतो का? करून बघ मग बोल."

आता हलवा काय असतो ते सांगतो. दुकानात संक्रांतीला पिशवीत मिळतो तो पांढरा, टोकदार, चिमुकला हलवा. तीळ, खसखस, साबुदाणा असा कुठला तरी दाणा घ्यायचा, भाजून घ्यायचा. साखरेचा एकतारी पाक करायचा, त्यात जरासं दूध घालून वर येणारी मळी काढायची, म्हणजे पाक स्वच्छ होतो. मंद शेगडीवर परात, परातीत दाणे. त्यावर चमचाभर पाक, आणि मग बोटांनी हलवत राहायचं. पाक दाण्यावर सुकला की पुन्हा चमचाभर. पुन्हा हलवायचं. असं तासन्‌तास, आणि एका दिवसात संपत नाही. आज थोडं, उद्या थोडं. हळूहळू दाण्यावर साखरेचे थर बसतात आणि एका क्षणी त्याला काटा येतो. बारीक बारीक टोकं. हेच सगळं कौशल्य. पाक जास्त पडला की दाणे एकमेकांना चिकटून लाडू होतो. जोरात हलवलं की टोकं मोडून गुळगुळीत गोळ्या होतात. आच वाढली की साखर पिवळी पडते. हवा दमट असली की पाक सुकायचं नाव घेत नाही, म्हणून हे काम कोरड्या थंडीतच, पहाटे नाहीतर रात्री.

आजी म्हणायची, हलवून हलवून होतो म्हणून हलवा. शब्द खरा अरबीतला, त्याचा अर्थच गोड पदार्थ. पण ज्यानं एकदा परातीशी बसून बोटं भाजून घेतलीत, त्याला आजीचीच व्युत्पत्ती पटेल.

इथे एक छोटं वळण घेतो, कारण मला हे सापडलं तेव्हा मी उडालोच. जपानमध्ये 'कोनपेइतो' नावाची गोळी असते. दिसायला थेट आपला हलवा. नाव पोर्तुगीज 'कॉन्फेइतो'वरून आलंय. १५६९ मध्ये लुईश फ्रोइश नावाच्या पोर्तुगीज पाद्र्यानं जपानचा मोठा सरदार ओदा नोबुनागा याला या गोळ्यांची काचेची बरणी भेट दिली होती. पूर्वी तिच्या पोटातही खसखस असायची. आणि ती करायला दोन-दोन आठवडे लागतात. तिला काटे का येतात, या प्रश्नानं तेरादा तोराहिको या पदार्थविज्ञानाच्या जपानी प्राध्यापकालाही कोड्यात टाकलं होतं आणि त्यानं त्यावर लिहिलंही. त्या प्राध्यापकाला गावभागात आणून अक्कासमोर बसवायला हवं होतं. अर्थात तिनं उत्तर दिलं नसतं. "बघा," म्हणाली असती.

कारण अक्का तसंच शिकवायची. आई सांगते, ती प्रमाण सांगायचीच नाही. दुसऱ्याचा हात हातात घ्यायची आणि परातीत फिरवायची. "इतकंच. आता सोड. आता थांब." पाक झाला का हे बोटावर न बघता चमच्यातून पडणाऱ्या थेंबाच्या आवाजावरून ओळखायची, असंही आई म्हणते. यातलं किती खरं आणि किती भाचीचं कौतुक हे मला ठरवता येत नाही, आणि ठरवायचंही नाही.

मार्गशीर्ष संपत आला की वाड्यात हलव्याची बैठक बसायची. प्रत्येक घरानं वाटीभर साखर आणायची. साठच्या दशकात साखर रेशनवर, त्यामुळे त्या वाटीची किंमत काय होती ते समजून घ्या. चहा एक वेळ कमी करून ती वाटी यायची. कोळसे वाडामालकिणीचे. परात अक्काची. रात्री मुलं झोपली की पाच-सहा जणी शेगडीभोवती. मोठा हलवा वाटायला, मध्यम हारांना, आणि तिळाचा अगदी बारीक हलवा नथीला. मग सुई-दोऱ्यानं ओवायचं. नव्या सुनेचा पहिला संक्रांतसण म्हणजे काळी चंद्रकळा आणि अंगभर पांढरे दागिने : मंगळसूत्र, तन्मणी, चिंचपेटी, बाजूबंद, कमरपट्टा, बिंदी. जावयाला हार आणि हातात हलव्यानं मढवलेला नारळ. लहान मुलांच्या बोरन्हाणाला मुकुट आणि कृष्णाची बासरी. आईच्या आठवणीत एका वर्षी अक्कानं एका जावयासाठी हलव्याचं मनगटी घड्याळ केलं होतं, काट्यांसकट. दहा वाजून दहा मिनिटं.

हे दागिने एका संध्याकाळपुरते. दुसऱ्या दिवशी मुलं ते ओरबाडून खातात. अक्काच्या हातचं म्हणून दाखवायला आज आमच्याकडे एक दाणाही नाही.

आता मुद्द्यावर येतो. हे सांगताना भागात मी थोडा थांबलो होतो.

अक्काचं लग्न १९४१ मध्ये झालं. चार वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी, म्हणजे आमच्या वाड्यात परत आली. तेव्हा वय बावीस. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षं तिनं गल्लीतल्या बहुतेक प्रत्येक नव्या नवरीसाठी हलवा केला. आणि त्या चाळीस वर्षांत एकाही हळदीकुंकवाला ती बाहेरच्या खोलीत आली नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू चालायचं, सवाष्णींना वाण लुटायचं, तिळगूळ द्यायचा. अक्का स्वयंपाकघरात बसून बशा भरायची. बाहेर नवरीला बघून बायका म्हणायच्या, "काटा काय सुरेख आलाय!" हे आत ऐकू जायचं.

आई तेव्हा नऊ-दहा वर्षांची. तिला एक गोष्ट पक्की आठवते. हलव्याचं मंगळसूत्र अक्का पूर्ण ओवायची, पण शेवटची गाठ मारायची नाही. दोरा तसाच सोडून आजीकडे द्यायची. आजी गाठ मारायची. कोणी कोणाला काही सांगायचं नाही. एकदा आईनं विचारलं, "अक्का, तूच का नाही बांधत?" तर आजीनं आईला पाणी आणायला पिटाळलं.

आपण हे ऐकून लगेच 'किती मागास' असं म्हणून पुढे जातो, आणि मला ते पुरेसं वाटत नाही. कारण विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा आहे. धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं ते १८९३ मध्ये, आणि विधवांसाठी आश्रम काढला १८९६ मध्ये. अक्का परत आली १९४५ मध्ये. कर्व्यांचा फोटो आमच्या दिवाणखान्यात होता! माझे पणजोबा शिकलेले, सुधारकी बोलणारे. अक्काचे केस कापले नाहीत, तिला मासिकं वाचायला दिली, शिवणाचं मशीन घेऊन दिलं. याचा घराला अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. पण त्या दोन खोल्यांमधला उंबरा तसाच राहिला. आणि तो उंबरा राखणाऱ्यांत ज्यांना तिच्या हलव्याची सगळ्यात जास्त कदर होती त्याच बायका होत्या, माझी आजीसुद्धा. माझी अत्यंत लाडकी आजी. हे मला लिहिताना जड जातं.

कधीकधी वाटतं, त्या दोन शब्दांत आजीची काहीतरी चलाखी आहे. चिवडा लिहून घेतला की वरच्या वहिनींकडे जायची गरज उरत नाही. हलवा लिहिला असता तर वन्संची तेवढी गरज उरली नसती. न लिहिल्यामुळे दर पौषात कोणीतरी अक्काकडे येणारच, तिच्याशेजारी बसणारच. आईला हे पटत नाही. ती म्हणते, "तू फार पुस्तकं वाचतोस. तिला जमत नव्हता, म्हणून लिहिला नाही." असेलही.

मे २०२२ मध्ये आमच्याकडून जवळच, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला : नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. बातमी वाचून आईनं वर्तमानपत्र घडी करून वहीत ठेवलं, हलव्याच्या पानात. पुढच्या जानेवारीत तिनं घरी हळदीकुंकू केलं आणि गल्लीतल्या सगळ्याच बायकांना बोलावलं. तीन विधवा बायकांना मुद्दाम घरी जाऊन सांगितलं. दोघी आल्या. एक काठापदराची साडी नेसून आली आणि दोन तास उठलीच नाही. तिसऱ्या, आता ऐंशीच्या पुढच्या, म्हणाल्या, "आता कशाला गं? इतकी वर्षं नाही आले तेव्हा कोणाला चुकल्यासारखं वाटलं नाही." आई त्यांच्याकडे तिळगूळ देऊन परत आली. त्या संध्याकाळी ती फारसं बोलली नाही.

हलवा त्या दिवशी दुकानातलाच होता. म्हणून मी ठरवलं, आपण करून बघायचा. पहिल्या वर्षी दोनदा फसलो. पहिल्यांदा पाक जास्त, खसखशीचा एक मोठा खडा झाला, तो आम्ही चहात घातला. दुसऱ्यांदा गॅसची आच मोठी, सगळं पिवळं. नॉनस्टिक तव्यावर करायची अक्कलहुशारीही मीच केली होती. यूट्यूबवर चार व्हिडिओ बघितले. चारही चांगले आहेत, करणाऱ्या बायका मनापासून सांगतात, पण व्हिडिओत हात दिसतो, हाताचा जोर दिसत नाही.

गेल्या डिसेंबरात आई म्हणाली, परात काढ. पितळेची, पुरानंतर गाळ धुऊन माळ्यावर टाकलेली. काळीकुट्ट झाली होती. चिंचेनं घासली, कल्हई करून आणली. घासताना काठावर अक्षरं दिसली. तुम्हाला माहीत असेल, लग्नात द्यायच्या भांड्यांवर नावं घालायची पद्धत. ठिपक्याठिपक्यांचं अक्षर : 'चि. सौ. कां.', पुढे नाव, मग 'हिस आईकडून', आणि १९४१.

ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. आई म्हणाली, तीही विसरली होती. रेशनकार्डावर असेल, पण हाक मारताना अक्का, पत्रावर 'गं. भा. अक्का', वहीत 'वन्सं'. नाव इथे सांगत नाही. तिला असं जाहीर सांगितलेलं आवडलं असतं की नाही, याची आईला खात्री नाही.

पाच जानेवारीला पहाटे साडेचारला गॅलरीत शेगडी पेटवली. आई मोढ्यावर शाल गुंडाळून बसली. म्हणाली, मला येत नाही, पण तिचा हात माझ्या हाताला आठवतोय का बघू. मग माझा हात धरून परातीत फिरवायला लागली. "इतकंच. सोड. थांब." सहा वाजेपर्यंत काही नाही. दुसऱ्या पहाटे काही नाही. तिसऱ्या पहाटे उजेडात परात तिरकी धरली तर काही दाण्यांवर, सगळ्यांवर नाही, टोकं होती. बोटांना टोचली. ओरडून बायकोला उठवलं, ती चिडली, मग बघून तीही खाली बसली.

जमलेला हलवा मूठभरही भरला नसेल. त्यात एक नथ झाली आणि एक अर्धवट चिंचपेटी. आईनं ओवली आणि शेवटची गाठ बायकोनं मारायला घेतली, तेव्हा आईनं तिच्या हातातून दोरा काढून घेतला आणि स्वतः बांधला. बाबा जाऊन सहा वर्षं झालीत.

दुपारी तिनं वही मागितली. हलव्याचं पान काढलं. शीर्षकाच्या आधी, जिथे बाकीच्या पदार्थांना माणसं आहेत त्या जागी, अक्काचं पूर्ण नाव लिहिलं. 'वन्संना विचारणे' तसंच ठेवलं, त्याच्याखाली एक आकडा घातला आणि पेन हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"सांग. साखर किती?"

"दोन वाट्या."

"कुठली वाटी?"